सर्व्हर बसला तर पुढे काय? धंद्याच्या आयटीसाठी हाय अव्हेलेबिलिटी आणि डिझास्टर रिकव्हरीची आखणी

24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11.40 वाजता मुंबईत एनएसईवरचे, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातले, व्यवहार थांबले. टेलिकॉम लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्ही डळमळल्या. चेन्नईत पर्यायी यंत्रणा उभी होती, पण त्या दिवशी कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. बाजार पुन्हा उघडला तो 3.45 वाजता. पुढच्याच महिन्यात सेबीनं, म्हणजे बाजाराच्या नियामकानं, बाजारांना बजावलं: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली की 30 मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करा. पर्यायी जागेवरून काम सुरू करायलाही 45 मिनिटांची मर्यादा घातली.

यंत्रं होती, पैसा होता, तज्ज्ञ होते. तरी नियम लिहावा लागला तो ‘कधी हलायचं’ याचा. तीस-चाळीस माणसांच्या, टॅली किंवा ईआरपीवर (खरेदी-विक्री-हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या धंद्यातही हाय अव्हेलेबिलिटी (काम थांबूच न देणं) आणि डिझास्टर रिकव्हरी (आपत्तीनंतर ते पुन्हा उभं करणं) यांची आखणी इथूनच करावी. खरेदी नंतर.

आधी दोन आकडे ठरवा

प्रत्येक सिस्टीमसाठी दोन प्रश्न. ती किती वेळ बंद राहिली तर चालेल? आणि किती वेळाची नोंद कायमची गेली तर सोसेल? पहिला आकडा म्हणजे रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह, दुसरा रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह. उत्तरं मालक, अकाउंटंट आणि डिस्पॅच बघणाऱ्यानं द्यायची, आयटीवाल्यानं नव्हे.

पहिल्या फेरीत सगळे ‘अजिबात चालणार नाही’ म्हणतात. मग प्रत्येक पर्यायाचा खर्च समोर ठेवा, उत्तरं लगेच माणसात येतात. बिलिंग तासभर, पगाराची सिस्टीम दोन दिवस (महिनाअखेर सोडून), जुन्या फायली आठवडाभर. असा उतरता क्रम लागला की निम्मं काम झालं.

साखळीतल्या एकट्या कड्या शोधा

99.9 टक्के उपलब्धता ऐकायला झकास वाटते, पण वर्षाला पावणेनऊ तास बंद असा त्याचा अर्थ. एकमेकींवर अवलंबून असलेल्या अशा दोन सेवा जोडल्या की साडेसतरा तास. म्हणून ग्राहकाच्या ऑर्डरपासून बिलापर्यंतचा रस्ता कागदावर काढा आणि जिथे एकच वस्तू किंवा एकच माणूस आहे तिथे लाल खूण करा. सर्व्हर सगळ्यांना आठवतो. नेटवर्क स्विच, यूपीएसची बॅटरी, डोमेनचं नूतनीकरण आणि सगळे ओटीपी ज्या एकाच मोबाइलवर येतात तो मोबाइल मात्र राहून जातो. इंटरनेटच्या दोन लाइन घेतल्या असतील तर दोन्ही केबल एकाच चरातून येतात का, हे विचारून घ्या. खोदकाम करणारा जेसीबी कंपनी बघून केबल तोडत नाही.

हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे या लाल खुणांना जोडीदार देणं: एक भाग पडला की दुसरा आपोआप काम उचलतो. दोन सर्व्हरची जोडी लावत असाल तर मत द्यायला तिसरा साक्षीदार हवाच. मधली लाइन तुटली तर दोघेही स्वतःला मुख्य समजून लिहीत सुटतात, आणि त्या दोन वह्या जुळवणं बंद पडण्यापेक्षा महाग पडतं. हे सांभाळायला माणूस नसेल तर क्लाउडवरचा व्यवस्थापित डेटाबेस घ्या (देखभाल क्लाउड कंपनीच करते), दोन झोनमध्ये, म्हणजे एकाच भागातल्या दोन वेगळ्या डेटा सेंटरांत. लहान धंद्यानं घरी क्लस्टर, म्हणजे असा सर्व्हरांचा जोडलेला गट, बांधायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

जोडीदार म्हणजे बॅकअप नव्हे

चुकून पुसलेली नोंद जोडीदाराकडेही तत्काळ पुसली जाते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसच डिलीट झाला. बॅकअपच्या पाचही पद्धतींपैकी एकही धड कामी आली नाही. रोजचा बॅकअप फसत होता आणि तसं सांगणारे ईमेल नाकारले जात होते. योगायोगानं सहा तास आधी हातानं घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून नुकसान सहा तासांच्या नोंदींवर थांबलं.

जुना 3-2-1 नियम अजून चांगला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ‘दुसरं ठिकाण’ म्हणजे पलीकडची खोली नाही. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला, 2021 मध्ये चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि कपाटातली हार्ड डिस्क यांना वेगळं नशीब मिळणं शक्य नव्हतं. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचा डेटा गेला. मूळ डेटा क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरांच्या गटात) असेल तर प्रत हैदराबादला ठेवा. कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, तेही यातच साधतं.

रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आधी बॅकअप शोधतात. एक प्रत ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाही अशी लॉक करा, आणि तिचं अ‍ॅडमिन खातं रोजच्या खात्यापासून वेगळं ठेवा.

निर्णय कुणाचा, ते लिहा

एक पान पुरे. किती मिनिटं थांबायचं, मग पर्यायी यंत्रणेवर जायचं हे कोण म्हणणार, तो फोन उचलत नसेल तर कोण, आणि ग्राहकांना काय कळवायचं. हे पान छापून ठेवा. बंद पडलेल्या सर्व्हरवरची पीडीएफ उघडत नाही.

तालीम

2 मार्च 2024 च्या शनिवारी एनएसईनं खास सत्र घेतलं: पहिला भाग मुख्य जागेवरून, दुसरा पर्यायी जागेवरून, खऱ्या व्यवहारांसह. तुम्ही निदान तिमाहीतून एकदा बॅकअप कोऱ्या मशीनवर उतरवा, कालचं शेवटचं बिल दिसतं का बघा आणि घड्याळ लावा. लागलेला वेळ पहिल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला तर आकडा बदला किंवा खर्च वाढवा. आणि ही तालीम सिस्टीम उभारणाऱ्याऐवजी दुसऱ्याच्या हातून करून घ्या.

परतीचा रस्ता

हा भाग बहुतेक योजनांत नसतोच. पर्यायी यंत्रणेवर झालेल्या नोंदी मूळ जागी कशा आणायच्या, हे आधी ठरवा. परतताना मूळ सर्व्हरवरची शिळी प्रत ताज्या नोंदींवर चढली, तर आपत्ती दुसऱ्यांदा येते. यंत्रणा बंद असताना कागदी बिलं फाडायची असतील तर त्यांची वेगळी मालिका आधीच ठरवून ठेवा. जीएसटीत एकाहून अधिक मालिका चालतात, फक्त क्रमांक सलग आणि 16 अक्षरांच्या आत हवा. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) लागू असलेल्यांना मात्र व्यावसायिक ग्राहकासाठी कागदी बिल पुरत नाही. त्यांनी सरकारी पोर्टलचं लॉगिन ऑफिसबाहेरच्या एका लॅपटॉपवरून चालतं ना, हे तालमीतच तपासून घ्यावं.