मिरगीच्या ऑपरेशननंतर मेंदूत होणारे बदल: घरी नोंद कशी ठेवायची

फिट थांबली की ऑपरेशनचं काम झालं असं घरच्यांना वाटतं. मेंदू मात्र त्यानंतरही एक-दोन वर्षं बदलत असतो. यातले काही बदल काढलेल्या भागामुळे होतात, काही गोळ्यांमुळे, तर काही फिट बंद झाल्यामुळे. कुठला बदल कशामुळे झाला हे नंतर आठवून सांगता येत नाही. त्यासाठी तारखा टाकलेली शंभरपानी वही हवी, आणि ती ऑपरेशनच्या आधी सुरू करायला हवी.

इथली माहिती सर्वांत जास्त होणाऱ्या ऑपरेशनची आहे. त्यात मेंदूच्या कानशिलामागच्या टेम्पोरल भागाचा पुढचा तुकडा आणि आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग काढतात.

आधी भाषेचं ठरवा. सीमाभागात याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. बेंगळूरच्या निम्हान्स किंवा तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा या रुग्णालयांत ऑपरेशनआधी स्मरण आणि भाषेची चाचणी होते. खानापूर-निपाणीकडचा पेशंट घरात मराठी बोलतो, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, आणि शाळा कुठल्या माध्यमात झाली ते आणखी वेगळं. आधीची चाचणी कन्नडमध्ये आणि वर्षानंतरची मराठीत झाली, तर दोन्हींची तुलना करून काही कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगा: घरची भाषा कुठली, शाळेचं माध्यम कुठलं आणि पेशंट मनात हिशेब कुठल्या भाषेत करतो. चाचणी कुठल्या भाषेत झाली हे रिपोर्टवर लिहून मागा.

घरची चित्रांची नोंद. घरातल्या 20 वस्तूंचे फोटो मोबाइलवर काढा. तांब्या, ताट सगळेच ओळखतात. त्यांपेक्षा विळी, खलबत्ता, उखळ, सांडशी, बिजागरी, कंगवा अशा वस्तू घ्या. एकेक फोटो दाखवून 10 सेकंद थांबा. त्याआधी कुणीही उत्तर सुचवायचं नाही. नाव लगेच आलं, उशिरा आलं, नुसतं वर्णन आलं (‘ते भाजी चिरायचं’) की कन्नड नाव आलं, हे वेगवेगळं लिहा. ‘कंगवा’ अडला आणि ‘बाचणिगे’ चटकन आलं, तर वस्तूची ओळख शाबूत आहे, अडचण मराठी नाव सापडण्यात आहे. 10 सेकंदांनंतर पहिलं अक्षर सांगा आणि त्याने शब्द आला का तेही लिहा. हीच चाचणी ऑपरेशनआधी आणि नंतर 3 महिने, 6 महिने, 1 वर्षाने घ्या.

आठवणीसाठी रोजच्या वापरातले 10 शब्द दोनदा वाचून दाखवा आणि अर्ध्या तासाने विचारा. दर वेळी यादी नवी हवी. जुनी वापरली तर ती पाठ होते आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. एक-दोन शब्दांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका, अपुऱ्या झोपेनेही तेवढा फरक पडतो.

शब्दांच्या आठवणीत घट डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर साधारण 44 टक्के पेशंटमध्ये दिसते, उजव्या बाजूच्या नंतर साधारण 20 टक्क्यांत. ज्यांची आठवण आधी चांगली होती आणि एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस धडधाकट दिसत होता, त्यांना घटीचा धोका जास्त. कारण त्यांच्यात काढलेला भाग नीट काम करत होता. आधीच आकसलेला हिप्पोकॅम्पस निघाला तर गमावण्यासारखं कमी असतं.

एमआरआयचा रिपोर्ट. ‘पोकळी’ आणि ‘ग्लायोसिस’ हे शब्द वाचून घाबरू नका. काढलेल्या जागी मेंदूतलं पाणी भरतं (पोकळी) आणि कडेला व्रण राहतो (ग्लायोसिस). त्या भागाशी जोडलेले तंतू पुढच्या महिन्यांत बारीक होतात, तेही अपेक्षितच. दुसरीकडे, अशा मिरगीत मेंदूचा वरचा थर वर्षानुवर्षं पातळ होत जातो आणि ऑपरेशननंतर ते थांबल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. आधीची आणि नंतरची सीडी जपा.

नजर. डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर दोन्ही डोळ्यांच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातलं दिसणं कमी होऊ शकतं, उजव्या बाजूचं असेल तर डावीकडचं. पेशंटला स्वतःला ते जाणवतही नाही, पण फळीला डोकं लागतं, बाजूने आलेली दुचाकी दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फील्ड चाचणी (नजर कुठवर पोचते ते मोजणारी) करून घ्या. गाडी चालवायची की नाही हे तिचा निकाल, फिट आणि डॉक्टरांचा सल्ला या तिन्हींवर ठरतं. लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये मिरगीबद्दल थेट विचारलेलं असतं, ते लपवू नका.

मन. पहिल्या वर्षात उदासी, चिडचिड, घाबरेपणा येऊ शकतो, फिट पूर्ण थांबलेल्यांनाही. घरच्यांना हे कृतघ्नपणासारखं वाटतं आणि तिथेच पेशंट एकटा पडतो. लेव्हेटिरासिटाम ही मिरगीची गोळी चालू असेल तर चिडचिड त्या गोळीचीही असू शकते. तारीख लिहा, डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जगण्यात अर्थ नाही असं पेशंट बोलू लागला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

गोळ्या आणि झोप. फिट नसली तरी गोळ्या बहुधा एक-दोन वर्षं चालतात आणि पुढे डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर आधी डॉक्टरांना विचारा. तपासणीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जाताना गोळ्या सीटखालच्या बॅगेत नकोत, खिशात ठेवा. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते, पेशंटने त्यात जागरण करू नये. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही.

पहिल्या आठवड्यातली फिट म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही, पण वेळ आणि प्रकार लिहा. भाकरी चावताना जबडा दुखणं काही आठवडे चालतं, कारण कानशिलाचा स्नायू कापलेला असतो. ताप, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, वाढती डोकेदुखी आणि उलटी, गुंगी यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

फिट आली तर पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा आणि ती वही सोबत घ्या.