भूमितीच्या पूर्वपरीक्षेआधीचे दहा दिवस

दहावीच्या गणित भाग २ चा, म्हणजे भूमितीचा, पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. त्यासाठी समरूपतेपासून महत्त्वमापनापर्यंत सात प्रकरणे आहेत. पूर्वपरीक्षेला दहा दिवस उरले असता पहिल्या दिवशी एकही गणित न सोडवता ही सात नावे कागदावर लिहावीत आणि पुस्तक मिटून प्रत्येकापुढे आठवतील तेवढी प्रमेये व सूत्रे मांडावीत. जिथे कागद कोरा राहील तिथूनच अभ्यासाला सुरुवात करावी, कारण आवडते प्रकरण आधी हातात घेतले की येत असलेलेच पुन्हा करण्यात दिवस सरतात.

पुस्तक मिटण्यावर मी इतका भर देतो, त्याला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणारे विद्यार्थी पुढे होते. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय वाचताना सोपे वाटते. तेच कोऱ्या पानावर लिहू लागल्यावर पक्ष आणि साध्य जमते, पण रचनेत शिरोबिंदू समोरच्या बाजूंवरील बिंदूंना जोडायचे हे सुचत नाही, किंवा दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे समान का, तर पाया एकच आणि समांतर रेषांमुळे उंचीही समान, हे कारण लिहायचे राहून जाते. नेमके अडलेले तेवढेच पुस्तकात पाहावे, पुस्तक पुन्हा मिटावे आणि प्रमेय पहिल्या ओळीपासून लिहावे. तेच प्रमेय दुसऱ्या दिवशी, नंतर तीन दिवसांनी आणि पेपरच्या आदल्या दिवशी असेच लिहून पाहावे.

भौमितिक रचनांचा सराव रोज एक तरी करावा, आणि तो मोजून तपासावा. ३ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाला केंद्रापासून ५ सेमी अंतरावरील बिंदूतून स्पर्शिका काढल्यावर स्पर्शिकाखंड पट्टीने मोजला तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार ४ सेमी भरला पाहिजे. तो भरला नाही तर बहुधा कंपासचा स्क्रू ढिला असतो किंवा पेन्सिलीचे टोक बोथट असते, आणि हे परीक्षेपूर्वी कळलेले बरे.

सरावसंच संपले की संकीर्ण प्रश्नसंग्रहातील उदाहरणे प्रकरणांची सरमिसळ करून सोडवावीत, कारण कोणते प्रमेय लावायचे हे पेपरमध्ये कोणी सांगत नाही. सातव्या आणि नवव्या दिवशी घड्याळ लावून दोन तासांत पूर्ण पेपर लिहावा. चुकलेल्या उदाहरणांसाठी वेगळी वही ठेवावी आणि चुकीचे कारणही तिथेच लिहावे: व्यास दिला असता तोच त्रिज्या म्हणून घेतला, शंकूछेदाच्या तिरक्या उंचीऐवजी लंब उंची वापरली, आकृतीला नावे दिली नाहीत. शेवटच्या दिवशी वाचायची ती हीच वही.

आदल्या संध्याकाळी कंपासपेटीत पट्टी, गुण्ये, कोनमापक, खोडरबर आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली भरून ठेवाव्यात, कंपासचा स्क्रू आवळावा आणि नेहमीच्या वेळी झोपावे.