एकाच फॉर्ममधून १६८ फ्लॅटच्या नोंदी बदलायच्या तर

मुलुंडला आमच्या सोसायटीत तीन विंग, सात मजले, मजल्यावर आठ फ्लॅट, म्हणजे १६८. एजीएममध्ये (वार्षिक सभेत) मेंटेनन्सचे दर बदलले की खजिनदार काका सोसायटीच्या वेबसाइटवर एकेक फ्लॅट उघडणार, एडिट दाबणार, आकडा टाकणार, सेव्ह, परत मागे, पुढचा फ्लॅट... दोन रविवार गेले त्यांचे. शेवटी म्हणाले, "अरे एक्सेलसारखं सगळं एका पानावर दे ना, खाली एकच सेव्ह." दिलं. मी पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरलंय, तुमचं वेगळं असेल तरी डोकं तेच लागतं.

आधी एक बघा, सगळ्यांना सारखाच बदल असेल, म्हणजे सरसकट २०० रुपये वाढ वगैरे, तर एवढा मोठा फॉर्म करूच नका. एक बॉक्स, विंगचा ड्रॉपडाउन, मागे एक अपडेट क्वेरी, म्हणजे डेटाबेसला नोंदी बदलायचा एक हुकूम, झालं. ओळीओळीत वेगळं बदलायचं असेल तरच पुढचं वाचा.

सगळा खेळ बॉक्सच्या नावात आहे. प्रत्येक ओळीत नुसतं 'मेंटेनन्स' नाव दिलंत तर पीएचपीच्या हातात फक्त शेवटचा आकडा पडतो. नावाला चौकोनी कंस लावायचे आणि त्यात रेकॉर्डचा आयडी (डेटाबेसमधला त्या फ्लॅटचा क्रमांक) टाकायचा, म्हणजे फ्लॅट[४१][मेंटेनन्स] असं. कंस रिकामे सोडून ०, १, २ आपोआप लागू देऊ नका, कारण टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, मग खालचे सगळे वर सरकतात आणि १०३ चं पार्किंग १०२ च्या नावावर चढतं. पार्किंगवरून आमच्याकडे आधीच कमी भांडणं आहेत का! मी चेकबॉक्स ठेवलाच नाही, आहे/नाही असा ड्रॉपडाउन दिला.

आता माझी कशी वाट लागली ते सांगतो. ओळीत सात बॉक्स होते, १६८ गुणिले ७ म्हणजे ११७६. पीएचपीत मॅक्स इनपुट व्हार्स (max_input_vars, एका फॉर्ममधून किती बॉक्स घ्यायचे ती मर्यादा) नावाची सेटिंग असते, ती मुळात १००० वर असते, त्यापुढचं पीएचपी फेकून देतं आणि फक्त लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतं, स्क्रीनवर मात्र माझा "सेव्ह झालं" मेसेज हिरवागार. सी विंगचा ४०७ अर्धवट, ४०८ पासून वरचे २५ फ्लॅट जसेच्या तसे. बिलं वाटल्यावर कळलं. सेटिंग वाढवता येते, पण मी विंगप्रमाणे तीन पानं केली, ५६ ओळी म्हणजे ३९२ बॉक्स, निवांत. शिवाय फॉर्मच्या सुरुवातीला एका हिडन (स्क्रीनवर न दिसणाऱ्या) बॉक्समध्ये ओळींची संख्या पाठवतो आणि तेवढ्या आल्या नाहीत तर काहीच सेव्ह करत नाही.

सर्व्हरवर लूप फिरवताना आधी जुन्या किमती एकाच सिलेक्टमध्ये (डेटाबेसमधून वाचायच्या क्वेरीत) काढून घ्या, फरक असेल तेवढ्याच ओळी प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (क्वेरी आधी ठरवून आकडे वेगळे पाठवायची पद्धत) अपडेट करा. आलेला आयडी त्याच विंगचा आहे ना ते पण तपासा, फॉर्ममधून कोणी काहीही पाठवू शकतो.

आकडे जपून घ्या. काकांनी सवयीने ३,४५० टाइप केलं, मी ते सरळ इंटमध्ये (पूर्णांकात) बदललं आणि पीएचपीने स्वल्पविरामाशी थांबून ३ घेतले, महिन्याचा मेंटेनन्स तीन रुपये! स्वल्पविराम आधी काढा, रिकामा बॉक्स म्हणजे शून्य असं धरू नका, आणि तरीही आकडा विचित्र वाटला तर ती ओळ लाल करून परत दाखवा, बाकी भरलेलं पुसू नका, नाहीतर शिव्या खाल.

सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र बांधून, एक ओळ फसली की रोलबॅक, सगळं पूर्ववत. मायएसक्यूएलमधल्या टेबलचा प्रकार इनोडीबी आहे ना बघा, जुनं मायआयसॅम असेल तर रोलबॅकला ते भीकच घालत नाही.

राहिलं एक, सेक्रेटरी आणि काका एकाच वेळी बसले तर ज्याचा सेव्ह शेवटचा तो जिंकतो. ओळीत व्हर्जनचा कॉलम ठेवा, दर बदलाला वाढणारा एक आकडा, अपडेट करताना आयडीसोबत जुना व्हर्जन पण जुळवा आणि एकने वाढवा. शून्य ओळी बदलल्या असं उत्तर आलं तर मधे कोणीतरी हात मारलाय, मी तिथे "हा फ्लॅट आत्ताच बदललाय, परत बघा" एवढंच दाखवतो आणि दोघांना इंटरकॉमवर बोलू देतो.