टायटल घासत बसण्याआधी सोर्समध्ये नोइंडेक्स शोधा

एसईओमध्ये, म्हणजे साइट गुगलवर वर आणण्याच्या कामात, नवीन लागलेल्यांसाठी लिहितेय. टायटल टॅग म्हणजे गुगलवर दिसणारं पानाचं शीर्षक, मेटा डिस्क्रिप्शन म्हणजे त्याखालच्या माहितीच्या ओळी, हे तुम्हाला माहिती असणार, त्यात वेळ घालवत नाही. मला जिथे दणका बसला ते सांगते, कारण कोर्समध्ये ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

2022 चा मार्च. पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीत पहिलीच नोकरी आणि हातात पहिली साइट देवगडच्या एका बागायतदार काकांची, हापूसच्या पेट्या थेट घरपोच. 1 मार्चला साइट लाइव्ह झाली तेव्हा निम्म्या पानांचं टायटल नुसतं 'होम' होतं. मी चार दिवस बसून प्रत्येक पानाला वेगळं टायटल लिहिलं, लोक जे शोधतात ते आधी आणि बागेचं नाव शेवटी, म्हणजे 'देवगड हापूस पाच डझन पेटी, पुणे-मुंबई घरपोच' असं. डिस्क्रिप्शनमध्ये 'अढीत पिकवलेला, कार्बाइड नाही' हे घातलं, कारण फोनवर गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं असं काकांनीच सांगितलं होतं.

आणि गुगलवर काहीच नाही. साइट कोलन लावून डोमेन टाकलं, म्हणजे फक्त आमच्याच साइटची पानं मागितली, तरी शून्य रिझल्ट. सिनियरला विचारलं तर म्हणाले, नवीन साइट आहे, एसईओला सहा महिने लागतात, थांब. मी थांबले. म्हणजे थांबले नाही, रोज टायटल बदलत बसले, शब्द मागेपुढे कर, एखादा वाढव, एखादा काढ. 2 एप्रिलला पाडवा झाला. काकांचा एक दिवसाआड फोन, 'अजून दिसणा नाय गो', आणि माझ्याकडे उत्तर नाही. आंब्याला सहा महिने नसतात, जूनच्या पावसात सगळं संपतं.

8 एप्रिलला दुसऱ्या कंपनीतल्या मैत्रिणीला फोनवर रडत सांगितलं. तिने एवढंच विचारलं, पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडलास का? कंट्रोल-यू दाबलं, नोइंडेक्स शोधलं, आणि माझ्या सुंदर टायटलच्या चार ओळी खाली मेटा रोबोट्स नावाच्या टॅगमध्ये तो शब्द होता. त्याचा अर्थ गुगलला सरळ सांगणं की हे पान दाखवू नको. पाच आठवडे आम्हीच गुगलला नको म्हणत होतो.

हे कुठून येतं ते नीट समजून घ्या. आमची साइट ज्यात बनवली त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून पान आहे, तिथे 'डिस्करेज सर्च इंजिन्स' अशी एक टिक असते. साइट बनत असताना ती लावतात, आणि लावावीच, अर्धवट साइट गुगलवर जायला नको. पण डेमोवरून साइट खऱ्या डोमेनवर उचलली की टिकही सोबत येते आणि ती काढायचं काम नक्की कोणाचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. टिक काढली तरी तेवढ्यावर सोडू नका, आमच्याकडे कॅशे प्लगइन, म्हणजे साइट पटकन उघडावी म्हणून पानाची प्रत साठवून ठेवणारं, दिवसभर जुनंच पान देत होतं, म्हणजे सेटिंगमध्ये सगळं ठीक आणि सोर्समध्ये नोइंडेक्स तसंच. कॅशे साफ करा, ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये परत सोर्स बघा. कधीकधी नोइंडेक्स सोर्समध्ये नसतंच, सर्व्हर पानासोबत जी न दिसणारी माहिती पाठवतो त्या हेडरमधून जातं, म्हणून गुगलच्याच सर्च कन्सोल या टूलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शन करून लाइव्ह टेस्ट मारा, तिथे इंडेक्सिंगला, म्हणजे पान गुगलच्या यादीत घ्यायला, परवानगी आहे की नाही ते स्पष्ट लिहून येतं. आणि उलटी चूकही होते. एखादं पान गुगलवरून काढायचंय म्हणून नोइंडेक्स लावतात आणि वर तेच पान रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे गुगलने कुठली पानं उघडू नयेत ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ब्लॉकही करतात. मग गुगल ते पान उघडतच नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला दिसतच नाही, आणि पत्ता रिझल्टमध्ये राहू शकतो. पान काढायचं असेल तर नुसतं नोइंडेक्स लावायचं, ब्लॉक करायचं नाही.

सिनियर वाईट माणूस नव्हते, पण 'थांब' म्हणण्याआधी जो तुमच्या शेजारी बसून सोर्स उघडत नाही त्याच्याकडून एसईओ शिकू नका, हे मी आता ठामपणे सांगते.

बाकीच्या गोष्टींचं एवढं टेन्शन घेऊ नका, खरंच. मेटा कीवर्ड्स, म्हणजे कोडमध्ये भरायची शोधशब्दांची यादी, सोडून द्या, रँकिंगसाठी आपण ते वापरत नाही हे गुगलने सप्टेंबर 2009 मध्येच सांगितलंय, तरी अजून कीवर्ड्स भरून देण्याचे पैसे घेणारे भेटतात. डिस्क्रिप्शनने रँक वाढत नाही, पण चांगलं असेल तर माणूस क्लिक करतो, आणि गुगलने ते न घेता पानातलाच मजकूर उचलला तर तुमचं काही चुकलं असं नाही. टायटलचंही तेच, ऑगस्ट 2021 पासून पानावरचं मोठं हेडिंग उचलून टायटल म्हणून दाखवण्याचं प्रमाण वाढलं, म्हणून हेडिंग आणि टायटल एकमेकांशी जुळतं ठेवा. मराठी टायटल लांब आहे म्हणून एसईओचं प्लगइन लाल दिवा दाखवतं त्यालाही घाबरू नका. काही प्लगइन मात्रा वेगळ्या मोजतात, 'हापूस' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, त्यांना पाच. गुगल टायटल कापतं ते जागा किती व्यापली यावर. तेव्हा हिरव्या दिव्यासाठी वाक्याची वाट लावू नका, मोबाइलवर शोधून बघा कुठे कापलं जातंय.

टिक काढून, कॅशे साफ करून, इंडेक्सिंगची रिक्वेस्ट टाकल्यावर चौथ्या दिवशी होम पेज दिसलं. पेटीचं पान यायला आणखी दीड आठवडा गेला. 3 मे च्या अक्षय्य तृतीयेला काकांना गुगलवरून ऑर्डरी आल्या, पाडव्याच्या मात्र गेल्या त्या गेल्याच, आणि मी ते काकांना फोन करून खऱ्या कारणासकट सांगितलं. ते रागावले, मग म्हणाले पुढच्या वर्षी बघ.

हंगाम संपल्यावर काका म्हणाले आता पेटीचं पान काढून टाक. मी नाही काढलं. पत्ता तोच ठेवला, फक्त टायटल बदललं, 'देवगड हापूस 2023 आगाऊ नोंदणी', आणि मोहोर आल्यावर बागेचा फोटो टाकला. त्या दिवशीही आधी सोर्स उघडून बघितला.