पित्ताशयाचं ऑपरेशन: अफूच्या जातीची औषधं टाळून दुखणं कसं आटोक्यात ठेवायचं

पित्ताशयात खडे निघाले की आपल्याकडे पहिले प्रश्न ठरलेले, सर्जन कोण, पॅकेज किती, फुले योजनेत बसतं का. भूल कोण देणार हे कोणी विचारतच नाही. मी नाशिकमधे रिकव्हरीत सिस्टर आहे, थिएटरमधून बाहेर आलेला पेशंट आधी आमच्याच हातात येतो, आणि मला एवढंच कळकळीने सांगायचंय की पुढचे तीनचार दिवस किती दुखणार हे बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरतं आणि ते ठरवणारा माणूस म्हणजे भूलतज्ज्ञ. म्हणून पहिलं काम, ऑपरेशनच्या आधी त्यांना भेटायचं, स्ट्रेचरवर झोपल्यावर नाही, एक दिवस आधी किंवा निदान सकाळी वॉर्डात.

१९९० मधे मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमधे डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, त्यानंतर मोठा चिरा मागे पडत गेला. पण चार छोटी भोकं म्हणजे दुखणारच नाही हा समज चुकीचाय. पहिल्या दिवशी चांगलं दुखतं, बेंबीजवळच्या भोकाला जास्त, आणि खोकला आला की विचारूच नका.

या दुखण्यावर वर्षानुवर्षं फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशी अफूच्या जातीची औषधं देत आलेत, त्यांना ओपिऑइड म्हणतात. दुखणं थांबतं यात शंका नाही, पण मळमळ, उलट्या, गुंगी, अंगाला खाज, लघवी अडकणं, शौचाला कडक होणं हे सगळं मागोमाग येतं आणि डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो. त्यात पोटाला ताजे टाके असताना उलटीची उबळ आली की पेशंट अक्षरशः कळवळतो. बायकांना, सिगरेट न ओढणाऱ्यांना, आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झालेल्यांना आणि ज्यांना गाडी लागते त्यांना हा त्रास जास्त. वणीच्या गडावर चढताना घाटात ज्यांना पिशवी हातात घेऊन बसावं लागतं त्यांनी हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, तुम्हाला फालतू वाटेल पण त्यांना त्यावरून उलटीचं औषध ठरवता येतं.

आता ओपिऑइडशिवाय भूल म्हणजे काय तर एकाच जोरदार औषधावर सगळा भार न टाकता चारपाच वेगवेगळ्या मार्गांनी दुखणं अडवायचं. सलाईनमधून पॅरासिटामॉल, चालत असेल तर डायक्लोफिनॅक किंवा किटोरोलॅक ही सूज उतरवणारी पेनकिलर, सुरुवातीलाच डेक्सामेथासोन म्हणजे सूज आणि उलटी दोन्ही कमी, मग डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध, केटामिनचा अगदी छोटा डोस, लिग्नोकेन, मॅग्नेशियम यातलं पेशंटला झेपेल ते. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे भोकांच्या जागी बधिर करायचं औषध, बुपिव्हॅकेन. ते सर्जन स्वतःच टोचतात, पाच मिनिटाचं काम, खर्चही फार नाही. काही ठिकाणी सोनोग्राफी मशीनवर बघून पोटाच्या किंवा पाठीच्या स्नायूंच्या थरात ब्लॉक म्हणजे नसा बधिर करायचं इंजेक्शन देतात, टॅप ब्लॉक, इरेक्टर स्पायनी ब्लॉक अशी नावं ऐकाल. इरेक्टर स्पायनी तर २०१६ पासूनचा, पाठीतून देतात पण मणक्याच्या आत सुई जात नाही त्यामुळे घाबरू नका.

पण एक सांगते, मला ओपिऑइडचा एक थेंबही नको असा हट्ट धरू नका. फ्रान्समधे डेक्समेडेटोमिडीन वापरून अशी भूल देऊन बघितली, २०२१ मधे त्याचा रिझल्ट छापून आला, नंतर मॉर्फिन कमी लागलं, उलट्याही कमी झाल्या, पण काही पेशंटचे हृदयाचे ठोके इतके मंदावले की ती चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणून बीपीसाठी एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेत असाल किंवा नाडी मुळातच कमी असेल तर नक्की सांगा. खरं मागणं असं असावं की डॉक्टर, ओपिऑइड कमीत कमी द्या, बाकीचं सगळं आधी वापरा, आणि तरी दुखलं तर मग द्या. यात कोणत्याही चांगल्या भूलतज्ज्ञाला राग येत नाही.

भेटायला जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, नुसतं बीपीची पांढरी गोळी म्हणून कळत नाही. किडनीचा त्रास, जुना अल्सर, पेनकिलर घेतल्यावर दम लागणं, रक्त पातळ करायची गोळी, हृदयाचा आजार, यातलं काही असेल तर डायक्लोफिनॅकच्या जातीचं औषध बहुतेक टाळावं लागतं. शुगरवाल्यांनी डेक्सामेथासोनबद्दल विचारा, त्याने शुगर एकदोन दिवस वर जाते, घाबरायचं नाही पण तपासत राहायचं. दारू रोजची असेल तर तेही सांगा, घरच्यांसमोर नको वाटत असेल तर एकट्याने सांगा, लिव्हरचा प्रश्न असतो आणि पॅरासिटामॉलचा डोस त्यावर ठरतो. आणि उपाशी किती वेळ राहायचं ते नीट विचारून घ्या. साधारण जेवण ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण खेड्यातून आलेले आजीआजोबा आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाणीसुद्धा घेत नाहीत आणि मग सकाळी डोकं धरून बसतात. तुमच्या पेशंटला काय चालेल ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने नाही.

खांद्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच लोक जास्त घाबरतात. पेशंट शुद्धीवर येतो, पोटाला हातही लावत नाही, उजवा खांदा धरून म्हणतो सिस्टर इथे काय केलंत, पाडलं का मला? नातेवाईकांना वाटतं हार्टचं काहीतरी झालं. होतं असं की दुर्बिणीला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलीमीटर पाऱ्याच्या दाबाने (बीपी मोजतात तेच माप), त्याने छातीखालचा पडदा ताणला जातो आणि त्या पडद्याची नस मानेतून निघते, त्यामुळे मेंदूला ते दुखणं खांद्यात वाटतं. दोनतीन दिवसात जातं. सर्जनना आधी विचारता येईल की कमी दाबावर जमेल का आणि शेवटी गॅस नीट काढून घ्याल ना. नंतर आपल्या हातात एकच, परवानगी मिळाली की उठून चालायचं, वॉर्डातल्या वॉर्डात, दर थोड्या वेळाने. खांदा शेकला तरी बरं वाटतं. पण छातीत दडपण, घाम, दम असं सोबत असेल तर ते गॅसवर ढकलू नका, लगेच सांगा.

वॉर्डात सिस्टर विचारते शून्य ते दहात किती दुखतंय, तेव्हा सोसवतंय म्हणू नका हो. आपल्या बायका दहाचं दुखणं चार सांगतात. पडून असताना किती आणि खोकल्यावर किती, दोन्ही आकडे सांगा. दुखण्यामुळे खोल श्वास घेतला नाही की छातीत कफ साठतो, म्हणून सोसण्यात काही फायदा नाही.

घरी गेल्यावर गोळी दुखल्यावर घ्यायची नाही, घड्याळावर घ्यायची. पहिले दोनतीन दिवस पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहिलंय तसं ठरलेल्या वेळेला, सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२ असं मोबाईलला अलार्म लावून. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, वजन ५० किलोपेक्षा कमी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. दुसरी सुजेची गोळी लिहिली असेल तर जेवणानंतरच.

इथे नीट लक्ष द्या. डिस्चार्जच्या वेळी पिशवीत डोलो ६५० असते, सोबत झिरोडॉल पी असते, आणि कधी अल्ट्रासेट पण. तिन्हीची नावं वेगळी, पाकिटं वेगळी, पण तिन्हीत पॅरासिटामॉल आहे, डोलोत ६५० मिलीग्रॅम, झिरोडॉल पीत ३२५, अल्ट्रासेटमधेही ३२५ आणि वर ट्रामाडॉल. म्हणजे मुलगा एक देतो, सून दुसरी देते आणि बेरीज कोणीच करत नाही. स्ट्रिप उलटी करून मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, नाही कळलं तर मेडिकलवाल्याला विचारा, आणि फाईलवर पेनाने वेळा लिहून ठेवा. ट्रामाडॉलवाली गोळी शेवटचा उपाय, बाकी सगळं घेऊनही झोप लागत नसेल तरच, आणि झोपेची गोळी किंवा दारू सोबत अजिबात नाही. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला देऊ नका.

निफाड, सिन्नर, पेठकडे गाडीने जाणार असाल तर पोट आणि सीटबेल्टच्या मधे छोटी उशी ठेवा, स्पीडब्रेकरला हीच उशी दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा तसंच. उठताना सरळ बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. पाणी भरपूर, शौचाला कुंथायला लागू नये म्हणून लागलं तर इसबगोल. तर्रीवाली मिसळ काही दिवस राहू द्या, पोट जड झालं की दुखणं आणि गॅस दोन्ही वाढतात, वरणभातावर भागवा.

दुखणं रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी कमी होऊन परत वाढायला लागलं, ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबेनात, टाक्यातून पू किंवा हिरवटपिवळं पाणी आलं, पोटरी सुजून दुखायला लागली, तर पेनकिलर वाढवत घरी बसायचं नाही. पित्त गळत असू शकतं, आणि गोळीने ते झाकलं जातं. ज्या हॉस्पिटलला ऑपरेशन झालं तिथे फोन करा, रात्र असली तरी करा, दम लागत असेल तर सरळ १०८ ला, आणि फाईल व गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.