शेक संपल्यावर घरी काय सांभाळायचं

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे साधारण पाच आठवडे बाहेरून शेक (किरणांचा उपचार, रेडिएशन), मग आतला शेक. तो आटोपला की घरचे म्हणतात, सुटली बाई एकदाची. पण शेकाचं काम अंगात पुढेही चालूच असतं. काही त्रास वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतात. मी स्वतः यातून गेले आहे. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात अंगणवाडीत नोकरी झाली, त्यामुळे बायकांशी आडपडदा न ठेवता बोलायची सवय आहे. तसंच लिहिते.

आधी ज्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही ते. शेकानंतर योनीमार्ग कोरडा पडतो, आकसतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू लागतात. त्यासाठी डायलेटर असतो, गोल टोकाची गुळगुळीत कांडी. शेक संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं की सगळ्यात बारीक कांडीपासून सुरू करा. दाराला कडी लावा, उताण्या झोपा, गुडघे वर घ्या. कांडीवर निरोध चढवा आणि वरून पाण्यात विरघळणारी जेली लावा. खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, तेलकटाने निरोध फाटतो. श्वास सोडत हळूच आत सरकवा, जोर करू नका, पाच-दहा मिनिटं राहू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा. किती महिने ते डॉक्टर सांगतील. दोनेक वर्षं तरी धरून चाला. कांडी साबणाने धुऊन कोरडी ठेवा. जरासा लालसर डाग चालतो. रक्त वाहिलं तर थांबा आणि दवाखान्यात कळवा. निरोध उपकेंद्रात फुकट मिळतो. पन्नाशीची बाई निरोध मागते म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

ओळखीची एक बाई म्हणाली, "मना मालक गया, आते मले काय करनं से?" करायचंय माय, कारण वाट बंद झाली तर डॉक्टरांना आत बघता येत नाही, आणि आजार उलटला का ते तिथेच बघायचं असतं. मालक असेल तर त्याला सांगा, कॅन्सर संबंधातून लागत नाही. अंगात किरणं उरलेली नसतात; नातवाला मांडीवर घ्या, ताटवाटी वेगळी ठेवू नका.

पोट बिघडलेलं असेल तोवर शेवभाजीची तर्री, ठेचा, कळण्याची भाकरी बंद. मुगाची पातळ खिचडी, ताक, पिकलेलं केळ खा. केळ्यांना आपल्याकडे काय तोटा. दूध सोसत नसेल तर सोडा. जुलाब वाढले तर ओआरएस घ्या. महिनोन्‌महिने पोट सुटतच राहिलं तर "शेकामुळे असतंच" म्हणून बसू नका, त्यावर औषधं आहेत.

शौचातून किंवा लघवीतून रक्त हे पुष्कळ महिन्यांनीही दिसू शकतं. मूळव्याध समजून बसस्टँडजवळच्या पाटीवाल्याकडे मुळीच जाऊ नका. जिथे जाल तिथे आधी शेकाचा कागद दाखवा. शेकलेल्या आतड्याचा तुकडा तपासणीला उगाच काढला तर ती जखम चिघळते, लवकर भरत नाही.

पाळी गेलेली नसेल तर शेकाने जाते आणि अंगातून वाफा निघतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा वाफ आतली की उन्हाची हेच कळत नाही. वय कमी असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. हाडंही ठिसूळ होतात. हंडा उचलताना कंबरेत किंवा जांघेत कळ आली आणि थांबेना, तर चोळून घेऊ नका, हाडाला चीर असू शकते. शेकानंतर पायावर सूज असेल तर शेतात अनवाणी जायचं नाही. काटा रुतला की पाय लाल होऊन ताप येतो.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी. कापसाची वेचणी असो की घरात लग्न, तारीख चुकवू नका. डॉक्टर घाईत असतात, म्हणून त्रास घरीच कागदावर लिहून न्या, आणि खालच्या जागेचा त्रास सगळ्यात वर लिहा.