कामिनोवरच्या खुणांचे फोटो काढायला निघताय?

व्हिसा, विमा, बूट यांच्या याद्या ढीगभर सापडतील, त्या तिकडे बघा. ही यादी फक्त फ्रेंच कामिनोवरच्या, म्हणजे फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतच्या, यात्रेकरू पायी चालतात त्या साधारण ७८० किलोमीटरच्या वाटेवरच्या खुणांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या बाणांचे, शिंपल्यांचे आणि दगडांचे फोटो काढणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट: प्रत्येक खुणेचा आधी लांबून एक फोटो. खूण, पुढची वाट, एखादं घर किंवा चर्चचा मनोरा, सगळं एका चौकटीत. मग खुशाल जवळ जा. मागच्या खेपेला मी नुसते जवळून काढले, आणि आता ते बाण कुठल्या गावचे हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. फोनचं लोकेशन आहे की, असं म्हणू नका. बॅटरी वाचवायला तुम्हीच ते बंद करणार आहात. लांबून एक. आधी.

कॅमेऱ्याचं घड्याळ स्पेनच्या वेळेवर लावा: उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार.

लेन्स एकच न्या. ओझं आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये म्हणतात आणि ते गुडघ्यांना लगेच पटतं. दोन गोल पिनांचा चार्जर तिथे बसतो, जरा ढिला. तीन पिनांचा बसत नाही. आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, एका सॉकेटवर दहा जण टपलेले असतात, तेव्हा पॉवर बँक हवीच. कार्ड, पुसायचं फडकं वगैरे आलंच.

आता उजेड. वाट पश्चिमेला जाते आणि बहुतेक खुणा चालणाऱ्याकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून असतात. सकाळी ऊन थेट खुणेवर, पण आपलीच लांबलचक सावलीही तिच्यावर. दोन पावलं बाजूला व्हा. दुपारनंतर सूर्य समोर आणि खूण काळी ठिक्कर. बाकीचे अंधारातच टॉर्च लावून निघतात, तुम्ही निघू नका. ऑक्टोबरात गालिसियात, म्हणजे वाटेवरच्या शेवटच्या प्रांतात, सूर्य उगवायलाच साडेआठ वाजतात.

पिवळे बाण ही जुनी परंपरा वगैरे नाही. ओ सेब्रेइरोचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये रस्त्यावर पट्टे मारायच्या रंगाने ते रंगवायला सुरुवात केली. त्या गावात त्यांचा अर्धपुतळा आहे, तोही घ्या. बाण झाडावर, विजेच्या खांबावर, गोठ्याच्या भिंतीवर, कुठेही सापडतो. एखादा बाण वाट सोडून भलतीकडेच वळला, तर बहुधा तो कुणीतरी आपल्या बारकडे गिऱ्हाईक वळवायला काढलेला असतो. जवळून दोन्ही सारखेच. लांबच्या फोटोत बारची पाटी येते आणि लबाडी कळते. म्हणून म्हणतोय, लांबून एक!

लेओन शहरात फरशीत बसवलेले धातूचे शिंपले आहेत. वरून काढताना बुटांची टोकं येतात, सांभाळा. इथेही गल्लीसकट एक.

गालिसियातले दगड सगळ्यात देखणे: वर शिंपला, खाली बाण आणि धातूच्या पट्टीवर उरलेलं अंतर. तिथे दशांशाला स्वल्पविराम असतो, तेव्हा १००,००० म्हणजे लाख नव्हे, शंभर किलोमीटर. पट्ट्या चोरीला जातात आणि मागे नुसती भोकं राहतात. अशा दगडाला आकडाच नाही, मग लांबचा फोटो नसेल तर तो ओळखणार कसा? वर लोकांनी ठेवलेले खडे, फिती, कुणाकुणाचे फोटो असतात. चौकट नीट दिसावी म्हणून ते हलवू नका. कुणाच्या तरी माणसाचं असतं ते. पाऊस आला तर कुरकुर नको. ओल्या ग्रॅनाइटवर कोरीवकाम उठून दिसतं. मात्र डांबरी रस्त्यावर उलट पावलांनी मागे सरकत चौकट जुळवू नका, ट्रक येतात.

पुढचं थोडक्यात. सांतियागो शहरात खुणा विरळ आणि गर्दी फार. सांतियागोच्या पुढे समुद्रकाठच्या फिनिस्तेर्रेला गेलात तर शून्य किलोमीटरच्या दगडापाशी रांग असते; लवकर जा, दीपगृहासकट काढा. रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवा. कार्ड घरी पोचेपर्यंत फॉरमॅट करू नका.